काही त्रास नाही

“सगळ्या बायका म्हणाल्या, काही त्रास नाही?” दर्ग्यातल्या हैदरबाबांनी विचारलं.

“सगळ्या,” मी म्हणाले. “चारशे घरं फिरलो, बाबा.”

मी विद्यापीठात सार्वजनिक धोरण शिकवते. पिंपळदऱ्याचं आरोग्य उपकेंद्र चालू ठेवायचं की बंद करायचं, हे आमच्या अहवालावर ठरणार होतं. प्रश्नावली माझी. तिचं फार कौतुक झालं होतं. बरंचसं मीच केलं होतं.

टेकडीवरच्या दर्ग्याच्या ओट्यावर सकाळचं धुकं चढून आलं होतं. खालचं गाव पुसून गेलेलं. आपण ढगावर बसलोय असं वाटत होतं.

“म्हणजे बंद?”

“आकडे तसंच सांगतात.”

शेजारी बसलेल्या आमच्या विभागप्रमुखांनी, प्रभुदेसाई सरांनी, मान डोलावली.

“लई गुणी आकडे हो, मॅडम,” बाबा म्हणाले. “एकालाबी दुखत-खुपत नाही.”

त्यांनी माझ्या हातातला फॉर्म घेतला. उलटा धरला. माझ्याकडं बघितलं.

“तुमाला काही त्रास?”

मी हसले. सरांकडं बघितलं.

“छे. काही नाही.”

पायऱ्या चढताना मी तीनदा थांबले होते. धुकं बघायला, असं सरांना सांगितलं होतं.

“सर,” बाबा म्हणाले, “तुमी आत जाऊन दर्शन घ्या. सावकाश.”

सर गेले.

बाबांनी नुसता मोरपिसांचा कुंचा माझ्या गुडघ्यावरून अलगद फिरवला...

मी बोलायला लागले. गुडघ्यापासून सुरुवात केली. मग घामानं भिजून येणारी जाग. मग जे घरात कुणालाच सांगितलं नव्हतं, ते. कुठं थांबले, आठवत नाही. मध्ये कधीतरी धुकं विरळ झालं होतं, एवढंच आठवतं.

“बाबा...” मी डोळे पुसले. “आम्ही विचारायचो, तेव्हा दारात सासू उभी असायची. नाहीतर नवरा.”

बाबांनी फॉर्म माझ्या हातात परत दिला.

“सोमवारी अहवाल द्यायचाय. आता काय करू? प्रश्न बदलू?”

खाली तळ्यावर बायका धुणं आपटत होत्या. कुणीतरी काहीतरी सांगत होतं, बाकीच्या हसत होत्या, मग एकदम गप्प होत होत्या. तिथं अजून धुकं होतं, दिसत कुणीच नव्हतं.

बाबांनी तिकडं कान दिला...

“लेकी, धुवायचं काही आणलंयस का?”