टोपली न जमलेले आचार्य

हंसगडच्या विद्यापीठात बारा आचार्य होते. बाराही प्रकांड विद्वान, आणि बाराही जणांचं शिकवणं एकाही विद्यार्थ्याला कळत नव्हतं.

राजा धवलसेनाने एकदा मागच्या रांगेत बसून स्वतः ऐकून पाहिलं. पहिल्या घटकेत त्याला जांभया आल्या, दुसऱ्या घटकेत झोप लागली. जाग आली ती संतापातच. त्याने मुख्य आचार्य वाचस्पतिशास्त्र्यांना बोलावून घेतलं.

"शास्त्रीबुवा, तुम्हाला येतं पुष्कळ, पण शिकवता येत नाही. शिकवायचं कसं, ते आधी शिकून घ्या."

"कोणाकडून?" शास्त्रीबुवांनी शांतपणे विचारलं. "आपल्या आजोबांच्या सनदेतच लिहिलंय, महाराज. या विद्यापीठाच्या आचार्यांना कोणीही काही शिकवू नये. सनद मोडायची असेल तर तसं सांगा."

आजोबांची सनद मोडायची राजाची छाती नव्हती, आणि हट्ट सोडायचा त्याचा स्वभाव नव्हता. त्याने गावोगाव दवंडी पिटवली. आचार्य शिकवायला शिकले पाहिजेत, पण त्यांना कोणी शिकवता कामा नये. आठ दिवसांत हे जो घडवून आणील त्याला मागेल ते मिळेल. नाहीतर विद्यापीठ बंद, आणि तिथे धान्याचं कोठार!

सात दिवस दरबारात कोणी फिरकलं नाही. विद्यार्थी वळकट्या बांधायला लागले. आठव्या दिवशी सकाळी भिकोबा बुरुडाची लेक हौसा राजापुढे येऊन उभी राहिली.

विद्यापीठाच्या स्वयंपाकघरात सुपं-टोपल्या पोचवण्याचं काम हौसाकडे होतं. परतताना ती गणिताच्या वर्गाच्या खिडकीशी थांबायची. तीन वर्षं कान देऊन ऐकलं, पण आत काय चाललंय याचा तिला पत्ता लागला नव्हता. आपल्यालाच डोकं नाही, असं ती धरून चालली होती. मग एकदा आतली मुलंसुद्धा आढ्याकडे बघत बसलेली दिसली, तेव्हा तिला फार बरं वाटलं.

"तू करणार?" राजाने तिला आपादमस्तक न्याहाळलं. "माझा दिवस वाया घालवलास तर सगळी बुरूडआळी गडाबाहेर जाईल. आहे कबूल?"

हौसाने एकदा बुरूडआळीच्या दिशेने पाहिलं. पण ती म्हणाली, "कबूल. मला बारा आचार्य, एक वेळूचा भारा आणि एक भरभर लिहिणारा कारकून द्या."

विद्यापीठाच्या अंगणात आचार्य ओळीने बसले. हौसाने प्रत्येकापुढे वेळूच्या कामट्यांचा ढीग टाकला. "दिवस मावळायच्या आत प्रत्येकाने एक टोपली विणायची," ती म्हणाली.

"टोपलीत काय मोठंसं आहे," वाचस्पतिशास्त्री हसले आणि त्यांनी बाह्या सरसावल्या.

हौसाने आचार्यांकडे पाठ केली, भिंतीकडे तोंड केलं, आणि खाली मान घालून एका दमात बोलायला सुरुवात केली. किती कामट्या उभ्या, किती आडव्या, कोणती वरून, कोणती खालून, हिरवी बाजू कुठे, जोड कितव्या फेऱ्याला, काठ कसा वळवायचा, सगळं सांगितलं. एक शब्द चुकीचा नव्हता. मग ती वळली आणि म्हणाली, "झालं. विणा."

कोणाचा हात हलेना. गणिताचे गंगाधरशास्त्री चुळबुळ करत म्हणाले, "अगं, जरा सावकाश सांग. आणि आमच्याकडे तोंड करून."

हौसाने पुन्हा भिंतीकडे तोंड केलं आणि तेच, तेवढ्याच वेगाने म्हणून दाखवलं.

"नुसतं बोलून कसं कळेल? करून दाखव की," व्याकरणाचे आचार्य वैतागले.

"आधी सोपी परडी घे, मग टोपलीकडे जा," तर्काचे आचार्य म्हणाले.

"मी कुठे चुकलो ते हात धरून सांगशील की नाही?" वैद्यकाचे आचार्य बोटात गेलेलं वेळूचं कुसळ काढत ओरडले.

"पुढे जाण्याआधी एकदा विचार तरी, कळलं का म्हणून!" हे खुद्द वाचस्पतिशास्त्री. त्यांच्या मांडीवर टोपलीऐवजी घरट्यासारखं काहीतरी झालं होतं.

हौसा प्रत्येक वेळी कारकुनाला एवढंच म्हणत होती, "लिहून घ्या."

सूर्य कलला. राजा आला. टोपली एकाचीही झाली नव्हती. राजाच्या कपाळावर आठी पडलेली पाहून हौसाने लगबगीने कागद पुढे केला.

"महाराज, शिकवायचं कसं, ते यात आहे. सावकाश सांगावं, समोर बघावं, करून दाखवावं, सोप्यापासून सुरू करावं, चूक झाली तर हात धरून दाखवावी, कळलं का विचारावं. आणखी सतरा गोष्टी आहेत. सगळ्या आचार्यांच्या तोंडच्या."

कागद राजाच्या हाती जातो न जातो तोच वाचस्पतिशास्त्री उठले. "महाराज, सनद मोडली. या पोरीने आम्हाला दिवसभर शिकवलं."

"शास्त्रीबुवा," हौसाने विचारलं, "तुम्हाला टोपली आली का?"

"नाही."

"बाकी कोणाला आली?"

"नाही."

"मग मी काय शिकवलं? टोपली मी सांगितली, ती कोणालाच आली नाही. शिकवायचं कसं ते मी सांगितलंच नाही, आणि ते तुम्हा सगळ्यांना आलं."

राजा इतका हसला की शेल्याने त्याला डोळे पुसावे लागले. थोड्या वेळाने शास्त्रीबुवांनीही आपल्या मांडीवरच्या घरट्याकडे पाहिलं, आणि त्यांनाही हसू आवरेना.

"दर वर्षी एक दिवस आचार्यांनी, न येणारं काहीतरी घेऊन असंच बसायचं," राजाने हुकूम सोडला. "आणि तुला काय हवं, हौसा? माग."

"मला खिडकीच्या आत बसायचंय."

राजाने तिला गणिताच्या वर्गात पहिल्या रांगेत जागा दिली, आणि वर राजवनातला वेळू तिच्या घराला कायमचा देऊन टाकला.

दुसऱ्या दिवशी सकाळी गंगाधरशास्त्री फळ्यावर लिहीत सुटले. सातव्या ओळीला त्यांचा हात थबकला. ते मुलांकडे वळले.

"कुठपर्यंत कळलं?"

हौसा म्हणाली, "पहिली ओळ नाही कळली, गुरुजी."

गंगाधरशास्त्र्यांनी सगळा फळा पुसला आणि ते पहिल्या ओळीवर परत आले.