कापराचा शेजार

फार जुन्या काळी एका देवळातल्या पितळी डबीत कापराची वडी आणि खडीसाखरेचा खडा शेजारी राहत. वडी रोज थोडी झिजायची.

"अगं, तुझे कण असे निसटतात कसे?" खडा कळवळून म्हणाला. "माझे बघ, एकमेकांना कसे घट्ट धरून बसलेत! तूही धर ना."

"आमची पकड जन्माचीच सैल, दादा," वडी म्हणाली. "कण हवेत जातात, म्हणून तर दारातल्या माणसालाही माझा वास येतो."

एका सकाळी खडा जागा झाला, तर शेजार रिकामा होता. पुढे किती सण आले नि गेले. खडा होता तेवढाच राहिला. पण झाकण उघडून कुणी म्हटलं, "अजून कापराचा वास येतो हं!" की तो हळूच सरकून तिच्यासाठी जागा करायचा.