चितारी आणि काटेरी रान

फार मागची गोष्ट. एका नगराच्या वेशीबाहेर मोठं काटेरी रान होतं आणि रानाला लागून एका चिताऱ्याचं घर होतं. घरात तो आणि त्याची विधवा बहीण, दोघंच. तो देवळांच्या भिंती रंगवी. ती रानातून धावड्याचा डिंक गोळा करी आणि चार शेळ्या चारी.

रान काही देखणं नव्हतं. खैर, बाभळी, बोरी आणि करवंदीच्या जाळ्या. नवखा माणूस आत शिरला तर अंग ओरबाडून परत येई. पण राणीचं माहेर अशाच रानाकाठी होतं. तिच्या महालाच्या खिडकीतून हे रान दिसे, म्हणून ती दिवसचे दिवस त्या खिडकीशी बसून राही.

राजाला नवा कोट बांधायचा होता. कोटाला चुना लागतो आणि चुन्याच्या भट्ट्यांना लाकूड. रान तोडायचं ठरलं, तेव्हा राणी दोन दिवस जेवली नाही. राजाची तिच्यावर माया होती, पण कोटही हवाच होता. शेवटी त्यानं तोड काढली. चिताऱ्याला बोलावून सांगितलं, की या रानाचं चित्र राणीच्या महालातल्या भिंतीवर काढ, जसं आहे तसं. चित्रात काही उणं राहिलं नाही, तर रान तोडायला राणीची हरकत नाही, असं ठरलं आहे.

चितारी घरी आला आणि त्यानं बहिणीला सगळं सांगितलं. ती शेळीची धार काढत होती. धार काढता काढताच म्हणाली, "दादा, चित्र चांगलंच काढ. पण विचारलं, तर काहीतरी राहिलंय म्हण. खोटं नाही ते."

त्यानं मान हलवली. त्याच्या मनातही दुसरं काही नव्हतं. त्यांच्या घराण्याची रीतच होती, की प्रत्येक चित्रात नखाएवढी जागा कोरी सोडायची. जे आपल्याला दिसलं नाही त्याची ती जागा, असं बाप सांगे.

सहा महिने तो रोज पहाटे रानात जाई, बघून येई आणि मग भिंतीवर काढी. चित्र असं उतरलं, की दासी त्या भिंतीजवळून जाताना काटा लागू नये म्हणून पदर सावरून घेत.

चित्र बघायचा दिवस आला. राजा, राणी, प्रधान, दरबारी माणसं जमली. परदेशचे दोन नामांकित चितारीही आले होते. सगळे भिंतीजवळ जाऊन चित्र न्याहाळू लागले. मग त्या दोघांतल्या एकानं कोऱ्या जागेवर बोट ठेवून विचारलं, रंग संपला का?

दुसरा म्हणाला, "रंग कसला संपतोय? डोळे संपले म्हाताऱ्याचे."

सगळे हसले. राणी हसली नाही. ती पुढे आली आणि हलक्या आवाजात म्हणाली, "चितारीबाबा, रानाचा वास राहिला. होल्या पाखराचं घुमणं राहिलं. अजून पुष्कळ राहिलंय, खरं ना?"

नुसतं 'हो' म्हणायचं होतं. पण चिताऱ्याच्या कानात ते हसणं घुमत होतं. उभा जन्म त्यानं देवळांच्या भिंती रंगवल्या, लोक देवाच्या पाया पडून निघून गेले, भिंतीकडे कुणी पाहिलं नाही. आज सगळा दरबार पाहत होता. त्यानं कुंचला उचलला, कोरी जागा भरून टाकली आणि म्हणाला, "काही राहिलं नाही, राणीसाहेब."

राणीनं मान खाली घातली. राजानं आपल्या हातातलं कडं काढून चिताऱ्याच्या हातात घातलं.

आठव्या दिवशी कुऱ्हाडी आल्या. कित्येक महिने रात्रंदिवस भट्ट्या धुमसत होत्या. चारा उरला नाही, डिंक उरला नाही, तेव्हा बहीण शेळ्या घेऊन दूरच्या गावी निघाली. भावाला ती टाकून काही बोलली नाही. जाताना एवढंच म्हणाली, की भाकरी झाकून ठेवलीय, वेळेवर खा. राणीनं खिडकी लावून घेतली. चित्राकडे पाठ करून ती बसू लागली.

पावसाळ्यात भिंतीला ओल आली आणि चित्राचा एक तुकडा गळून पडला. तिथे धावड्याचं खोड होतं. राजानं सांगितलं, पहिल्यासारखं करून दे. चितारी रंग कालवून उभा राहिला, पण हात चालेना. धावड्याची साल कशी सुटते, तिच्याखाली कुठला रंग असतो, काही आठवेना. अडलं की तो रानात जाऊन बघून येत असे.

तो वेशीबाहेर गेला. नुसते खुंट होते आणि त्यांच्यावर चुन्याची पांढरी पुटं. शेवटच्या भट्टीपाशी एक माणूस लाकडं सारत होता. चिताऱ्यानं त्याला विचारलं, "यात धावडा कुठला रे? साल कशी होती त्याची?"

"कुणाला ठाऊक, बाबा," भट्टीवाला म्हणाला. "जळताना सगळी सारखीच."

चितारी तिथेच खाली बसला. संध्याकाळ झाली, तरी उठला नाही.

तात्पर्य: चारचौघांच्या हसण्याला भिऊन काढलेला शब्द कुऱ्हाडीहून खोल जातो. ज्याच्याकडे बघून आपण शिकलो, त्याला आधी जपावं. आपली शाबासकी मागाहून.