एकेक पळी आमटी

"मग अक्का, तीन गुणांनी मागे असलेल्या मुलीला पुढे काढायचं, तर नियम ठेवायचेच कशाला?"

गोदाअक्का तांदूळ निवडत होत्या. त्यांनी एक खडा काढून बाजूला टाकला.

विचारणारे होते दिगंबरराव सरनोबत, गावातल्या कॉलेजचे प्राचार्य. नदीकाठच्या या मठात अक्कांनीच त्यांना लहानपणी अक्षरं गिरवायला शिकवलं होतं. मठात शिरताना चपलांबरोबर प्राचार्यपदही दारात काढून ठेवायला हवं होतं, पण ते जरा घट्ट बसलं होतं.

विज्ञान शाखेची शेवटची जागा उरली होती. ती कुणाला द्यायची, हे उद्या सकाळी त्यांनीच ठरवायचं होतं. एक मुलगी टेकडीवरच्या खासगी शाळेची. दुसरी शबाना मुलाणी, नगरपालिकेच्या शाळेची, तीन गुणांनी मागे. तिच्या शाळेच्या प्रयोगशाळेला दोन वर्षं कुलूप होतं. ही जागा हुकली तर तिचं शिक्षण तिथेच थांबणार होतं. बाहेरगावी तिला कुणी पाठवणार नव्हतं.

"मी शाळेचं नावच बघत नाही," दिगंबरराव म्हणाले. "सगळ्यांना एकच माप. माझ्याकडे पंक्तिप्रपंच नाही."

हे वाक्य ते सत्कारातही म्हणत आणि टाळ्या घेत.

"नगरपालिकेची पोरं येतात तुझ्याकडे?"

"येतं एखाददुसरं. बाकीची मागेच राहतात. त्याला मी काय करू?"

...

अक्कांनी सूप खाली ठेवलं.

"आज गुरुवार. पंगत बसलीय. आमटी तू वाढ."

दिगंबररावांनी बाह्या सरसावल्या, बादली उचलली आणि वाढायला सुरुवात केली. प्रत्येकाला काठोकाठ एक पळी, थेंब कमी नाही की जास्त नाही. ओळखीचा वकील बसला होता, त्यालाही एकच. आपल्या हाताचं त्यांना मनातून कौतुक वाटत होतं.

पंगतीच्या मध्यावर एक म्हातारे गृहस्थ हात आडवा करून म्हणाले, "साहेब, जरा खालून वाढा की."

"सगळ्यांना सारखंच, आजोबा," असं म्हणून ते पुढे सरकले.

शेवटच्या पानाशी पोचल्यावर त्यांनी मागे वळून पाहिलं. पानोपानी भातावर पिवळं पाणी होतं. लोक निमूट कालवत होते. अन्नाला नावं ठेवायची नाहीत, म्हणून कुणी काही बोललं नव्हतं.

त्यांनी बादलीत डोकावून पाहिलं आणि त्यांचा चेहरा पडला. बादली तशीच घेऊन ते अक्कांपुढे आले.

"अक्का... डाळ सगळी तळाशीच राहिली."

अक्कांनी त्यांच्या हातातली पळी घेतली आणि बादलीत सोडली. पळी डाळीत उभीच राहिली.

"मी तर सगळ्यांना सारखंच वाढलं..."

"वाढलंस की."

...

उद्या सकाळी शबाना ऑफिसच्या दाराशी उभी असेल, हे दिगंबररावांना आठवलं. त्यांना लाज वाटली. ती लपवावी असंही त्यांना वाटेना.

"मग चुकलं कुठं, अक्का?"

अक्कांनी पुन्हा सूप ओढून घेतलं.

"डाळ मागे नाही राहिली रे, दिगंबर. तुझी पळी खाली गेली नाही."