ठणठणीत गोगलगाई

“बुवा, त्या गोगलगाई खाडीत फेकून येऊ का?”

श्रीरंगाने विचारलं खरं, पण मान वर करून नव्हे.

खाडीकाठच्या त्या मठात भिवाबुवांनी खाऱ्या पाण्याची मोठी काचेची टाकी जपली होती. तिचा एकच दंडक. नवा जीव आला की आधी परसातल्या वेगळ्या टबात बसायचा. मासा असो, खेकडा असो, दोन अमावास्या उलटल्याशिवाय आत प्रवेश नाही.

श्रीरंग बुवांचा हुशार शिष्य. नको तितका हुशार! मुंबईच्या दुकानातून त्याने गोगलगाई आणल्या आणि भरल्या सभेत बुवांनाच अडवलं, “तुम्ही ज्याला भिता, तो पांढऱ्या ठिपक्यांचा रोग माशांचा. गोगलगाईला तो होतच नाही. मग तिला कशाला बाहेर बसवायचं?”

मंडळींनी माना डोलावल्या. बुवा नुसते हसले. श्रीरंगाने ऐटीत गोगलगाई टाकीत सोडल्या.

अति शहाणा, त्याचा बैल रिकामा. बाकीचे मासे मरून आता टाकीत एकच उरला होता, बुवांची म्हातारी पिवळी. तिच्या अंगावर मीठ शिंपडल्यागत ठिपके होते आणि ती तळाशी धापा टाकत होती.

“गोगलगाईंना काय झालंय?” बुवांनी विचारलं.

“काही नाही. ठणठणीत आहेत.”

“मग फेकायच्या का?”

“रोग त्यांच्या शंखाला चिकटून आला, बुवा.”

“त्यांना ठाऊक होतं?”

“नाही…”

“आणि तुला?”

धरणीने पोटात घेतलं तर बरं, असं श्रीरंगाला झालं.

“होतं,” तो कसाबसा म्हणाला. “तुम्हीच सांगितलं होतं मागे. पण त्या दिवशी सगळे ऐकत होते… मला माघार घ्यायची नव्हती. लाज वाटते, बुवा. तिच्याकडे बघवत नाही.”

बुवांनी पिवळीला अलगद वाडग्यात घेतलं, परसातल्या टबात औषध घालून त्यात सोडलं. ती एका कुशीवर कलली… मग हळूच सरळ झाली. जगेल की नाही, कोण सांगणार?

बुवा आत आले. शिष्यांच्या रांगेत पहिलं आसन श्रीरंगाचं. त्यांनी ते उचललं, परसात नेलं आणि टबाशेजारी अंथरलं.

श्रीरंगाच्या डोळ्यांत पाणी आलं.

“शिक्षा द्या, बुवा. मला मान्य आहे.”

“शिक्षा? ती माशांनी भोगली.”

“मग मला वेगळं का बसवता?”

बुवांनी त्याला खांद्याला धरून आसनावर बसवलं.

“तूही ठणठणीत आहेस ना, म्हणून.”