दंग्याच्या तोंडातली लोकर

खूप जुन्या काळची गोष्ट आहे. तेव्हाच्या पायवाटा आज नांगराखाली गेल्या आहेत आणि तेव्हाच्या शेतांवर आज रान माजलं आहे. त्या काळी एका डोंगराच्या पायथ्याशी एक गाव होतं. गावाभोवती रानात सहा वाड्या विखुरलेल्या होत्या, आणि या साऱ्यांना मिळून सुईण एकच होती.

लहानथोरांनो, ही बाई कशी होती ते आधी ऐका. गावातल्या निम्म्या माणसांनी पहिला श्वास तिच्या हातात घेतला होता, आणि त्यातलीच निम्मी मोठी होऊन आता तिला शहाणपण शिकवत होती. ती हसून ऐकून घेई आणि मनातलंच करी. दोन बाळंतिणी कधी सारख्या नसतात, हे तिला तीस वर्षांत पक्कं कळलं होतं. एकीला हात धरायला हवा असे, दुसरीला कुणी हात लावलेला खपत नसे. एकीला सासूला मनसोक्त शिव्या द्यायच्या असत. अशा वेळी सुईण त्या सासूला समोर बसवून सगळं ऐकायला लावी. बाळंतीण मोकळी होई आणि सासू पुढं वर्षभर सरळ वागे.

वाड्यांच्या वाटेवर बिबट्याचं भय होतं. एकदा सुईणीनं रानातल्या धनगराच्या तळावर एक अवघड बाळंतपण पार पाडलं. ती निघताना म्हाताऱ्या धनगरानं तिच्या ओटीत कुत्र्याचं एक काळं पिल्लू घातलं.

"बाई, ह्यो मेंढरांच्या कुशीत वाढलाय," तो म्हणाला. "सोबतीला न्या. परकं जनावर जवळ फिरकू द्यायचा न्हाई."

म्हातारा खोटं बोलला नव्हता. पिल्लाचा चांगला दांडगा कुत्रा झाला आणि त्यानं दोनदा बिबट्याला वाटेवरून पळवून लावलं. अडचण एवढीच होती, की त्याच्या लेखी सगळं जगच परकं होतं. दुसरा कुत्रा दिसला की तो उसळे. बैल दिसला की उसळे. डोक्यावर मोळी घेतलेला माणूस दिसला, तर दोन पायांवर उभा राहून आकाशपाताळ एक करी. सुईणीनं त्याचं नाव हौसेनं राजा ठेवलं होतं. गावानं ते चार दिवसांत बदलून दंग्या केलं, आणि पुढं तीही त्याला दंग्याच म्हणू लागली.

दोरी ओढून ओढून तिच्या तळव्यांना घट्टे पडले. दंग्यापायी कुंभाराची मडक्यांची उतरंड कोसळली. एकदा तर त्याच्या भुंकण्यानं बैल बिथरला, दावं तोडून अंगणात शिरला आणि एक ओली बाळंतीण तुडवली जाता जाता वाचली.

त्या दिवशी पाटलानं सुईणीला चावडीवर बोलावलं.

"सुईणबाई, तुमचा मान मोठा हाय," पाटील म्हणाला. "पर ह्ये कुत्रं आता गावाला झेपंना. माझी लेक बाळंतपणाला आलीया. पोळ्याच्या आगंमागं दिस भरतील. पोळ्यापातुर कुत्रं सुधारलं तर ठीक, न्हाईतर त्याला नदीपल्याड सोडून या."

"आन मी रानातनं एकटी कशी जाऊ, पाटील? सहा वाड्यांतल्या बायांनी कुणाकडं बघायचं?"

पाटील मान खाली घालून उठला. पण त्यानं शब्द मागं घेतला नाही.

पोळ्याला अडीच महिने होते. सुईणीला उपाय सांगायला सारा गाव पुढं आला. शिकारी म्हणाला, तोंडाला मुसकं बांधा. देवळातला गुरव म्हणाला, गळ्यात गंडा बांधा. एकानं काठीचा मार सुचवला. सुईणीनं तेवढं एकदा करूनही पाहिलं, आणि त्या मारानंतर दंग्या बैलाबरोबर काठीवरही भुंकू लागला. तिनं काठी चुलीत घातली.

मग तिनं ठरवलं, की वाटेवर बैल दिसूनही दंग्या गप्प राहिला, तर त्याला काहीतरी चांगलं द्यायचं. विचार उत्तम होता. भाकरीचा तुकडा दिला, मग तोच तूप लावून दिला. सुकट दिली, बोकडाचं हाड दिलं. शेवटी तिला स्वतःला जीव की प्राण असलेली गुळाची पोळी करून पदरात बांधून नेली. घरी हे सगळं दंग्या मिटक्या मारत खाई. वाटेवर मात्र बैल दिसला, की तोंडातला घास खाली पडे आणि त्याला पत्ताही नसे. पोळी धुळीत पडलेली पाहून सुईणीच्या डोळ्यांत पाणी आलं. महिना असाच गेला.

एके दिवशी तिला घोंगड्या विणणाऱ्या सणगराच्या घरून बोलावणं आलं. त्याची सून पहिलटकरीण होती, पोर भेदरली होती. सुईणीनं दंग्याला अंगणात लांब बांधलं आणि आत गेली. सासूनं सुनेपुढं काढा धरला, सरबत धरलं, शिऱ्याची वाटी धरली. पोरीनं सगळं दूर लोटलं.

"माझ्या आईचं लुगडं द्या," ती रडत म्हणाली.

"आता लुगडं कशाला गं बाई?" सासू वैतागली.

"द्या तिला," सुईण म्हणाली.

जुनं, विटलेलं लुगडं गाठोड्यातून निघालं. पोरीनं त्याचा बोळा दोन्ही मुठींत आवळून धरला आणि तिचा श्वास ताळ्यावर आला. घटकाभरानं बाळ झालं. आई आणि बाळ दोघं सुखरूप होती.

सुईण हात धुवायला बाहेर आली आणि जागीच थबकली. समोरच्या रस्त्यानं शेळ्यांचा कळप चालला होता, कळपाबरोबर दोन कुत्रे होते, आणि अंगणात आवाज म्हणून नव्हता. दंग्यानं दोरी ताणून कोपऱ्यातल्या कच्च्या लोकरीच्या ढिगापर्यंत मजल मारली होती. तोंडात लोकरीचा मोठा गोळा धरून तो बसला होता. त्याचे कान कळपाकडं होते, अंग किंचित थरथरत होतं, पण दात लोकरीत रुतलेले होते.

"मेल्यानं लोकर नासली की वं!" सासू ओरडली.

सुईणीला ते ऐकूच गेलं नाही. आत मुठीत लुगडं धरलेली पोर आणि बाहेर तोंडात लोकर धरलेला कुत्रा, दोन्ही तिला एकदम दिसले. मेंढरांच्या कुशीत वाढलाय, असं म्हातारा म्हणाला होता. हा कुत्रा माजलेला नव्हता. राखायला मेंढरं उरली नव्हती आणि राखायची सवय तेवढी उरली होती, म्हणून तो भेदरून साऱ्या जगावर धावत होता.

"तीस वर्सं बायांना इचारत आले, तुला काय पायजे," ती कपाळावर हात मारून म्हणाली. "आन ह्या मुक्या जिवाला माझ्या आवडीची पोळी चारत बसले!"

तिनं तो गोळा मागून घेतला, धुतला नाही, तसाच कमरेच्या पिशवीत ठेवला. घरी तिनं तो कधी बाहेर काढला नाही. वाटेवर काही परकं दिसलं तरच तो निघे.

पहिल्या दिवशी ती बैलांपासून दोन शेतं लांब उभी राहिली. दंग्याचे कान ताठ झाले, आणि घशातून गुरगुर निघण्याआधीच तिनं गोळा पुढं केला. त्यानं तो धरला. ती तिथूनच माघारी वळली, आणि तेवढंच त्या दिवशी पुरे झालं. दुसऱ्या दिवशी ती दहा पावलं पुढं गेली, तिसऱ्या दिवशी आणखी पाच. कधी पाऊल जास्त पडे, मग दंग्या लोकर टाकून जुना गोंधळ घाली. अशा वेळी ती त्याला रागावत नसे.

"चूक माझी," ती त्याला म्हणे. "घाई मी केली." आणि दहा पावलं मागं सरे.

गावाला चांगली करमणूक झाली. सुईण कुत्र्याची मेंढी करायला निघाली, असं पारावर बसून लोक म्हणत. म्हणणाऱ्यांना म्हणू दे. जिला दिवसभर वाड्यांचे उंबरे झिजवायचे होते, ती बाई रोज पहाटे उठून कुत्र्याबरोबर पावलं मोजत होती. तिच्या त्या चिकाटीपुढं मी तरी हात जोडतो.

पोळ्याचा दिवस उजाडला. सुईण पहाटेच लांबच्या वाडीवर गेली होती. दुपारी पाटलाचा गडी धापा टाकत तिथं पोचला.

"बाई, चला! पाटलांच्या लेकीला सकाळपासनं कळा सुरू हायती. बाळ आडवं हाय म्हणत्यात."

सुईण निघाली. रान ओलांडून दोघं वेशीपाशी आली आणि गड्यानं तिला हातानं अडवलं. वेशीत तोरणाखाली सारे बैल उभे होते, शिंगं रंगवलेली, गळ्यात घुंगरमाळा. ढोल वाजत होते. गावातली झाडून सारी कुत्री तिथं जमली होती. ओढ्याकडची दुसरी वाट पुरानं बंद होती.

"कुत्रं हितंच बांधा," गडी म्हणाला.

"बिबट्याच्या तोंडी देऊ?"

"मग बैल बिथरले तर? माणसं तुडवली जातील, बाई!"

त्याचं खरं होतं. आत एक पोर मरणाशी झुंजत होती, क्षणाक्षणाला किंमत होती, आणि नेमकी घाई केली तरच सगळं हातचं जाणार होतं. सुईण थांबली. गडी नुसता तळमळत होता. तिनं दंग्याजवळ बसून त्याचे कान पाहिले, पिशवीतून गोळा काढला आणि त्याच्या तोंडात दिला. मग भिंतीच्या कडेकडेनं, दोरी सैल सोडून, ती चालू लागली.

ढोल आपोआप थांबले. पाटील आपल्या बैलजोडीपुढं उभा होता, त्यानं दोन्ही कासरे घट्ट धरले. दंग्या थरथरत होता, लोकरीतून लाळ गळत होती, पण पाय चालत होते. अर्धी वेस पार झाली असेल, तोच पाटलाचा स्वतःचा कुत्रा गर्दीतून सुटला आणि भुंकत दंग्याच्या अंगावर आला.

दंग्या थबकला. त्याच्या पाठीवरचे केस उभे राहिले, घशात गुरगुर उठली. सुईणीनं दोरीला हिसका दिला नाही. कळा देणाऱ्या पोरींना ती ज्या आवाजात सांगे, त्याच आवाजात तिनं हळूच सांगितलं, "धर. घट्ट धर. मी हाय."

दंग्यानं लोकर कचकन आवळली आणि तिच्या पायाला अंग लावून पुढं निघाला. पाटलाचा कुत्रा एकटाच भुंकत राहिला, आणि मग त्यालाच कसंसं वाटून गप्प झाला. वेस मागं पडली तेव्हा कुठं माणसांनी श्वास सोडला.

बाळंतपण अवघड होतं. सुईणीनं पोटावर हात फिरवत, धीर देत, तेल लावत बाळ हळूहळू वळवलं. दिवेलागणीला आतून रडण्याचा खणखणीत आवाज आला. मुलगी झाली होती, आणि तिची आईही हसत होती.

पाटील ओसरीवर आला. त्याच्या हातात पोळ्याच्या नैवेद्याचं ताट होतं, पुरणपोळी आणि वर तुपाची धार. एवढा मोठा माणूस, पण त्यानं ते ताट स्वतःच्या हातानं दंग्यापुढं ठेवलं. दंग्यानं वास घेतला आणि मान फिरवली. लोकरीवरचा पाय त्यानं हलवला नाही.

"घ्या! पुरणपोळीला नाक मुरडतंय!" पाटील चकित होऊन म्हणाला. "सुईणबाई, मग ह्याला खाऊ तरी काय घातलंत?"

"खायला कायबी न्हाई, पाटील," ती दारातून म्हणाली. "त्याला जे धरायचं हुतं, ते दिलं."

आतून बाळ पुन्हा रडलं. दंग्या उठला. वेशीपासून जपलेला तो गोळा त्यानं खोलीच्या उंबऱ्यावर आणून ठेवला. मग खोलीकडं पाठ आणि अंगणाकडं तोंड करून तो शांत बसला. अंगणातून बैल गेले, माणसं गेली, पाटलाचा कुत्रासुद्धा गेला. दंग्या नुसता पाहत राहिला. त्याला राखायला कुणीतरी मिळालं होतं.

पाटलानं डोळे पुसले आणि आपला हुकूम सगळ्यांदेखत मागं घेतला. पुढं सहाही वाड्यांत पहिल्या घराच्या खुंटीला लोकरीचा एक गोळा टांगलेला असे. सुईण आणि दंग्या म्हातारे होईपर्यंत त्या वाटा चालत राहिले, आणि त्या रानातल्या एकाही बाईवर एकटीनं बाळंत व्हायची पाळी आली नाही.

बोध असा: देणाऱ्याला जे गोड वाटतं ते बक्षीस नव्हे; घेणाऱ्याचा जीव कशात आहे ते ओळखून दिलं, तेच खरं बक्षीस.