पाठीची माती

"वस्ताद, पोट कापून घेणं पैलवानाला शोभतं का?"

हिंदुरावनं हे तालमीच्या दारातच विचारलं. रामराम नाही, ख्यालीखुशाली नाही, एकदम पोटालाच हात!

बाबालाल वस्ताद कुस्तीच्या हौद्यातली लाल माती फावड्यानं उकरत होते. ऐंशीच्या घरातला माणूस, पण कंबर अजून ताठ. त्यांनी फावडं थांबवलं नाही.

"आत तर ये."

आता तालमीत आत यायचं म्हणजे काही उंबरा ओलांडला की झालं, असं नसतं. हौद्यापाशी वाकायचं, चिमूटभर माती कपाळाला लावायची आणि मग वस्तादांच्या पाया पडायचं. हिंदुराव काठाशी आला. वाकू म्हणाला, तर गुडघे ऐकेनात. मग त्यानं हात नुसताच खाली नेल्यासारखा केला आणि कोरडी बोटं कपाळाला लावली.

वस्तादांनी ते पाहिलं. त्यांनी पाहिलं, हे हिंदुरावनं पाहिलं. मेल्याहून मेल्यासारखं झालं त्याला.

"बस."

भिंतीलगत प्लास्टिकची खुर्ची होती. एक नव्हे, एकात एक घातलेल्या दोन. हा कधीतरी येणार आणि ह्याला एक खुर्ची पेलायची नाही, हे म्हाताऱ्यानं आधीच ओळखून ठेवलं होतं. हिंदुराव खाली मान घालून बसला. खुर्च्या कुरकुरल्या.

डोक्यावरच भिंतीला त्याचा जुना फोटो होता, खांद्यावर चांदीची गदा घेतलेला. वारणाकाठचा हिंदुराव खाडे, ज्याच्या पाठीला कधी माती लागली नाही! एकही कुस्ती हरला नाही, अशी ख्याती होती त्याची, आणि ती खोटी नव्हती. पण पुढं काय झालं? कुस्ती सुटली, खुराक सुटला नाही. बदाम तेवढेच, तूप तेवढंच, दुधाची चरवी तेवढीच, आणि रविवारचं मटण तर उलट वाढलं. बंद झाला तो घाम. पुष्कळ पैलवानांचा असाच घात होतो, पण प्रत्येकाला वाटतं, आपलं तसं व्हायचं नाही.

"कोण म्हणतंय, पोट काप म्हणून?"

"कोल्हापूरची डॉक्टरीणबाई. म्हणाली, आधी वजन उतरवा. खाणं बेतात ठेवा, पाण्यात चाला. भूक मारणारी सुई असती, आठवड्याला एक, ती घ्या. आणि तुमचं वजन बघता, पोटाची पिशवी लहान करायच्या ऑपरेशनचा पण विचार करा."

"आणि गुडघं?"

"आतली गादी झिजलीया. अंगावरचा एक किलो चालताना गुडघ्याला तीन-चार किलोसारखा लागतो म्हणं. गुडघं बदलायचं मागनं बघू, पण त्याला पण आधी वजन उतरायलाच पायजे."

"मग बाई शहाणी हाय की."

"व्हय. पण वस्ताद... गावाला काय तोंड दाखवू?"

फावडं थांबलं.

खरी गोम इथंच होती. गावाला वेगळंच ठाऊक होतं. हिंदुराव काठी टेकत निघाला की लोक विचारायचे, काय हो पैलवान, पायाला काय झालं? आणि हा उसासा टाकून म्हणायचा, "वस्तादांनी बैठका मारून घेतल्या, मैदानं मारली, त्यात गुडघं गेलं." लोक हळहळायचे. लग्नाकार्यात उठून जागा द्यायचे. पैलवानाला ते गोड लागत होतं.

गोष्ट गावभर झाली. आयाबायांनी पोरं तालमीत धाडायची बंद केली. हिंदुरावासारख्याचे गुडघे गेले, मग आमच्या पोरांचं काय राहणार? हौदा ओस पडला. वस्ताद मात्र रोज माती उकरत राहिले. कुणाजवळ चकार शब्द काढला नाही.

आता पोटावर इलाज करून, वजन उतरून गुडघे हलके झाले असते, तर दोष बैठकांचा नव्हता, वजनाचा होता, हे गावाला कळलंच असतं. म्हणून तर हा आला होता. वस्तादांनी एकदा 'नको' म्हणावं. वस्ताद नको म्हणाले म्हटल्यावर झाकली मूठ झाकलीच राहणार होती. गुडघे गेले तर गेले.

"हिंदुराव, कुठल्या मैदानात गेलं रं गुडघं?"

हिंदुराव काठीची मूठ चोळत राहिला.

"सांग की. तुझी एकूण एक कुस्ती मी काठावर बसून बघितलीया. मला का दिसलं न्हाई?"

"वस्ताद..."

"म्हातारा झालो. राहिलं असंल बघायचं."

म्हाताऱ्यानं फावडं भिंतीला टेकवलं आणि तो हिंदुरावापुढं जमिनीवर बसला. मांडी घालून, सहज, पोरासारखा. हात पुढं करून त्यानं हिंदुरावचे दोन्ही गुडघे धरले आणि दाबायला लागला.

हिंदुराव हादरला. तालमीत चेल्यानं वस्तादांचं अंग रगडायचं असतं. वस्तादानं चेल्याचे पाय दाबायचे? असं कुठं झालंय? त्यानं उठायची धडपड केली, पण खुर्चीच्या हातांत अंग अडकलेलं. उठता येईना.

"वस्ताद, पाय सोडा. पाया पडतो तुमच्या, सोडा!"

"पडतोस? पड की."

... पडता येत नव्हतं. तेच तर झालं होतं.

वस्ताद गुडघ्यांशीच बोलायला लागले. "लई वाहिलं रं तुमी. ह्या लेकराला मैदानभर नाचवलं. मागनं त्यानं दुप्पट करून लादलं, ते पण वाहिलं. आन वर नाव माझं घेतलं, ते पण ऐकून घेतलंसा."

हिंदुरावच्या डोळ्यांतून घळघळ पाणी आलं. एवढा मोठा गडी, पण तोंड लपवायला जागा नव्हती.

"मैदानात न्हाई गेलं, वस्ताद," तो म्हणाला. "बैठकांनी पण न्हाई. खाऊन घालवलं मी. माझ्या हातानं घालवलं. आन तुमचं नाव घेतलं... तालीम ओस पाडली मी तुमची."

वस्ताद नुसते गुडघे दाबत राहिले.

मग हिंदुरावनं हळूच विचारलं, "ऑपरेशन करून घेऊ?"

"मला काय कळतंय त्यातलं? बाईला विचार."

"सुई, का ऑपरेशन, का..."

"बाईला विचार म्हटलं न्हवं?"

"मग तुमी काय सांगता मला?"

वस्ताद उठले. हौद्याकडं गेले आणि ओंजळभर ओली माती घेऊन आले. हिंदुरावनं डोळे मिटून कपाळ पुढं केलं.

कपाळाला काही लागलं नाही. म्हातारा खुर्चीच्या मागं गेला, त्याला पुढं वाकवलं आणि ती माती त्यानं हिंदुरावच्या पांढऱ्याशुभ्र सदऱ्यावर, पाठभर चोळली. खांद्यापासून कमरेपर्यंत, दाबून दाबून.

जन्मात न लागलेली माती... हिंदुरावचा हात आपसूक पाठीकडं गेला.

"झटकू नगं," वस्ताद म्हणाले. "दवाखान्यात असाच जा. पण जाताना गावातनं जा."